सुपडू बारींची बाजू

सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं : यकृत डावीकडे.
भंगाळे मॅडम म्हणाल्या, छपाईची चूक.
कागद परत पाठवला. परत आला तसाच.
मग छातीच्या फोटोत काळीज उजवीकडे;
तो फोटोही आधी आम्ही पालथा करून पाहिला.

सुपडू बारी, वय एकाहत्तर, अमळनेर.
छापखान्यात खिळे जुळवणारे :
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं.
दुखायचं डाव्या बरगडीखाली,
आणि चार वर्षं सगळे सांगत राहिले, ॲसिडिटी.
मॅडमनी खरं सांगितलं तेव्हा ते हसले.
"उलटं शे? मंग भ्यावानं काय?
मी ते चाळीस वरीसपाईन उलटंच वाची ऱ्हायनू."

आदल्या रात्री रिकाम्या टेबलाभोवती
मॅडमनी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.
त्यांच्या रोजच्या जागी पडदा,
पडद्याच्या जागी त्या,
कोकिळा सिस्टरची ट्रॉली भिंतीकडून खिडकीकडे.
मी कॅमेरा धरणारा. मला म्हणाल्या,
सवय बाहेर चपलांजवळ काढून ये.

सकाळी बाहेर चव्वेचाळीस, आत बावीस.
चार भोकं, सगळ्यात मोठं करंगळीएवढं.
दुर्बीण आत गेली
आणि ज्या घरात इतकी वर्षं डोळे मिटून वावरलो
त्यात मी परसदारानं शिरलो.

यकृत तेच, तांबूस, ओलं. पण पलीकडे.
मॅडमचा उजवा हात दोनदा जुन्या वाटेनं निघाला,
दोनदा थांबला.
मग हूक डाव्या हातात घेतला,
ज्या हातानं त्या साधी सहीसुद्धा करत नाहीत.

नळी कोणती, धमनी कोणती,
क्लिप लावण्याआधी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं,
उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर,
शाईआधी फर्मा तपासावा तसं.
कोकिळा सिस्टर म्हणाली, हं.
मी म्हणालो, हं.
मग कापलं.

पाऊण तासाचं काम. अडीच तास.

जाताना बाबांनी खडे मागून घेतले,
ज्वारीच्या दाण्याएवढे सात, डबीत.

महिन्यानं छापखान्यात गेलो, पुतणीच्या पत्रिकेसाठी.
खिळ्यांच्या पेटीत, ॡच्या खणात,
जिथं कुणाचा हात कधीच जात नाही,
ते सात खडे.
त्यांची बोटं मात्र न बघता चालत होती.
मी समोरून वाचू लागलो,
पुतणीचं नावही लागेना.

"आठे ये," ते म्हणाले,
"मन्हाजोडे उभा ऱ्हाय."