निवडक बारा

हर्णैच्या बर्फ कारखान्यात
कॉम्प्रेसरच्या वरच्या फळीवर
प्लॅस्टिकच्या पिशवीत टेप असायचा.
खारं लागू नये म्हणून पिशवी. तरी लागलंच.

कॅसेट लियाकत परकारची.
जहाजावर स्टुअर्ड होता, रॉटरडॅमहून आणलेली.
'ह्या बँडची चांगली गाणी सगळी एकातच,' म्हणाला,
'बारा. बाकीची ऐकायची गरज नाय.'

रॉक म्हणावं, तर मध्येच सॅक्सोफोन
वारा पडलेल्या होडीसारखा
आपला आपण वळायचा.
ड्रम पाचावर मोडायचे, आमचा कॉम्प्रेसर चारावर.
रात्री दोनला लाद्या काढताना
दोघं एका ठोक्यावर यायचे,
मी मोजलंय, दर विसाला,
आणि आकडा हातात धरून मी थांबायचो.

इंग्रजी कळत नव्हतं.
सातव्या गाण्यात कोण कोणाला तरी सोडून जातंय
एवढं कळायचं.

कव्हरवर माणसं सहा.
वाद्यं मोजली तर सात.
सातवं ट्रंपेट, दोनच गाण्यांत, तेही लांबून,
सुवर्णदुर्गाच्या मागून हाक यावी तसं.
लियाकत म्हणाला, भांडून गेला असेल
निवडायच्या आधी.

खाली पुळणीवर लिलाव.
चांगुणा पावसे पाटी उपडी करायची,
तोंडाने हिशेब, हात न बघता चालू:
पापलेट इकडे, सुरमई तिकडे, कोळंबी वेगळी.
ती माझ्या बर्फात निजून परदेशी जायची.
उरायचं ते बारकं, मोडकं,
ज्याला बाजारात नाव नाही.
'लिलावात गेलं ते त्यांचं. कालवण ह्याचं होतं.'
एकदा मूठभर मलाही दिलं.
त्या रात्री बी बाजू लावताना
पहिल्यांदा मनात आलं,
ह्यांच्या पाटीत काय उरलं असेल?

कारखाना गेला. फळीचे खिळे आहेत अजून भिंतीत.
लियाकतचं काय झालं, कोणी म्हणतं दम्माम, कोणी काही.

नातीच्या फोनवर आता सगळंच आहे.
अल्बम नऊ.
एक गाणं एकोणीस मिनिटांचं, बहुधा फसलेलं,
मध्ये कोणीतरी खोकतो,
ट्रंपेट सूर चुकतो, परत घेतो, परत चुकतो
आणि मग तिथंच राहतो, चुकलेल्या जागी,
घर बांधल्यासारखा.
नात म्हणते, पुढचं लावू का?

नको.
काट्यांसकट ऐकतो मी.
कॉम्प्रेसर नाही,
म्हणून चार पायाने देतो.