तीन गिरक्या

निनावे, तू अजूनही चुकतोस.
दुसरा भाग भारी, असं परवा पुन्हा म्हणालास
कॉटन मार्केटच्या सिग्नलवर,
स्कूटरवर कूलरच्या गवताचे गठ्ठे लादून,
मागचे हॉर्न बडवत असताना.
सिग्नल सुटला. म्हणून हे लिहितोय.

पहिल्यात होतं काय?
शाईसारखा समुद्र, एकसुरी टुकटुक,
आणि एक गोळी लागली की खेळ खलास.
बटणं दोन: एक गोळीचं, एक गिरकीचं.
गिरक्या मोजून तीन.
तू तिन्ही पहिल्याच मिनिटात उडवायचास,
मी वाचवत वाचवत
तिन्ही शिल्लक ठेवून मरायचो.
लोढेकाका गल्ल्यावरून ओरडायचे,
"ठिवून काय करतं बे? लोनचं घालतं का त्याचं?"

महालातलं ते दुकान, चक्कीच्या मागे.
वर पत्रा, आत मे महिना,
तीन मशिनी, एक कूलर,
आणि कूलरचं तोंड मशिनींकडे.
आपण तापलो तर चालायचं.

समुद्र आपण पाहिलाच नव्हता.
झिरो माइलच्या दगडापासून
सगळे किनारे सारखेच लांब वाटायचे.
तरी सुट्टीत रोज अकरा ते दोन
आपण पाण्यावरून उडत होतो.
खाली जहाजं कुणाची, युद्ध कुणाचं,
एकदाही विचारलं नाही.
फुटाळा डोळ्यांसमोर धरायचा
आणि त्याला काठ नाही असं समजायचं.

दुसऱ्यात टाकी आली.
गोळी लागली तरी मरण नाही, टाकी थोडी उतरते.
"चान्स देऊन राहिली ना राजा," तू म्हणायचास.
पण ती नुसतीही उतरते, निनावे.
कुणी मारत नसताना,
ढगांच्या वरून सरळ जाताना
एकेक आकडा गळत राहतो.
तेव्हा हे खटकलं नाही.
आता धंतोलीच्या लॅबमधून
दर तीन महिन्यांनी कागद आणतो, तेव्हा खटकतं.

एक मात्र कबूल.
दुसऱ्यात दोघांना बरोबर उडता यायचं.
पंखाला पंख लावला
की तुझी टाकी माझ्यात.
त्या दिवशी मोठ्या जहाजापुढे तू लावलास.
मी घेतली. सगळी घेतली.
तू बुडालास आणि मी स्क्रीनवरून
नजरसुद्धा हलवली नाही.
तू स्टुलावर उभा राहून ओरडत होतास,
"डावीकून! डावीकून ये!"
हे धरलं तर दुसऱ्याला एक गुण जास्त.
पण तो भागाचा की तुझा?

तिसऱ्याचं नावच काढू नको.
इतवारीत फटाक्यांचं दुकान पेटावं तसा पडदा,
विमान कुठलं, गोळी कुठली, काही कळत नाही.
बॉम्ब दाबला की सगळं साफ.
त्याला खेळणं म्हणायचं का?
दोन रुपये लागायचे, वर लोढेकाका कानात
कापूस घालून बसायचे.

आणि ती यादी, पहिल्या दहांची.
मशीन तीनच अक्षरं विचारायची.
तू आडनावातली तीन टाकायचास.
"निनावेचंच नाव सगळ्यात वर," काका हसायचे.
दोन वाजता लोडशेडिंग. पडदा काळा.
संध्याकाळी लाइट यायची तेव्हा
दहाही जागांवर कंपनीची माणसं,
आपण कुणीच नाही.
तू पुन्हा रुपया काढायचास,
जणू काही झालंच नाही.

पोराच्या मोबाइलमध्ये आता तिन्ही भाग आहेत.
नाणी फुकट, हवी तितकी.
तिसरा शेवटपर्यंत नेला. मेलो तितक्यांदा उठलो.
जेवताना आठवलंसुद्धा नाही.

काल रात्री पहिला काढला.
सुटल्या सुटल्या एक गिरकी,
समोर कुणी नसताना दुसरी,
मग तिसरी.
पोरगा म्हणाला, "बाबा, काहून वाया घालवून राहिले?"
चौथ्या विमानाने टिपलं.

हसत होतो मी, निनावे, एकटाच.
तरी पहिलाच भारी.