टाइप एफ

नाना पेठेत ललवाणींनी
तीन डबे उभे केलेत काउंटरवर,
तिन्हींतलं तेल लालच,
आगळासारखं लाल.
"ताई, रंगावर जाऊ नका.
रंग कंपनी घालते, गळती कळावी म्हणून."

पहिला डेक्सरॉन. मऊ, घसरडा.
गिअर पडला तरी हातातला चहा हिंदकळणार नाही.
दुसरा सिंथेटिक, सगळ्या गाड्यांना चालतो,
म्हणजे कुठल्याच गाडीचा नाही
(हे मत दस्तगीरभाईंचं).
तिसऱ्यावर धूळ. टाइप एफ.
त्याचा भाव विचारला
तर ललवाणी आधी चष्मा पुसायला घेतात.

गाडी अडुसष्टची फोर्ड.
वानवडीच्या आमच्या गल्लीत ती वळत नाही,
वळण्याचा विचार करते.
दादांनी चौऱ्याहत्तरला लिलावात घेतली
तेव्हा लोक म्हणाले, मेजरसाहेबांना थाट सुचतोय.
थाट कसला.
डावा पाय गुडघ्याखालचा
एकाहत्तरच्या डिसेंबरात तिकडेच राहिलेला,
आणि क्लच नसलेली, परवडणारी,
ही एकच सापडली.

दस्तगीर आतारांनी इंजिन चालू ठेवून कांडी ओढली,
रुमालावर थेंब टिपला, हुंगला.
"करपलंय. पण बदलू नका.
त्यातली झिजलेली पूडच आता पट्ट्यांना धरून आहे.
चोख तेल घातलंत, तर सुटेल सगळं."
महिनाभर हे वाक्य घेऊन फिरले मी.
आमच्या नात्यातही अशी
दोन-तीन माणसं आहेत.

ओजस, माझा भाचा, म्हणतो
डेक्सरॉन घाल ना मावशी,
किती धक्का देते ही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना!

देते.
लुल्लानगरचा चढ संपता संपता
पाठीत एक टपली बसते.
मागच्या सीटवर आम्ही तिघं भावंडं
तिची वाट बघत बसायचो, श्वास धरून,
आणि पुढे दादा
नेमके त्याच क्षणी
डावी मांडी किंचित खाली दाबायचे.
नसलेला पाय
नसलेल्या क्लचवर.
दर वेळी. अठ्ठावीस वर्षं.
कुणी विचारलं नाही. आईनंसुद्धा नाही.
ती त्या वेळी खिडकीबाहेर
काहीतरी महत्त्वाचं बघायची.

मऊ तेलात ती टपली विरून जाईल.
सुधारणाच म्हणायची.

"एफ द्या," मी म्हटलं.
ललवाणींनी धूळ फुंकली, भाव सांगितला,
मी घासाघीस केली नाही
याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

दस्तगीरभाईंशी तडजोड अशी झाली:
नुसता पॅन उतरवायचा,
जेवढं आपणहून गळेल तेवढंच नवं भरायचं.
उरलेलं जुनं, आत, जिथे आहे तिथे.
बादलीत जे पडलं ते काळं होतं, चहाच्या चोथ्यासारखं.
ते ओतून टाकायला त्यांनी पोराला पाठवलं,
मी बघत नसताना.

संध्याकाळी लुल्लानगर.
चढ, सिग्नल, पुन्हा चढ,
शेजारी ओजस, डॅशबोर्डवर तळवा टेकून.
बसली टपली. पूर्वीपेक्षा नेटकी.
"अजून देतेय," तो म्हणाला.

माझा डावा पाय चटईवर पडून होता,
धडधाकट, बिनकामाचा.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
डावीकडची खिडकी तेवढी
थोडी खाली करायला सांगितली.