इतर, असल्यास

फॉर्मवर अकरा प्रश्न.
नंदुरबारबाहेर मिरचीच्या पथारीवर
मी ते अकराही घेऊन उभी, नाकाला ओढणी.
समोर लाल, पार रस्त्यापर्यंत लाल,
आणि त्या लालात बसलेल्या बायका
देठ खुडतायत.

प्रश्न एक. कुटुंबातील व्यक्ती.
रमिला वळवी बोटं मोजते, मध्येच थांबते :
ऊसतोडीला गुजरातेत गेलेला धरायचा का?
धरा, म्हणते मी. पेन खोडतं, पुन्हा लिहितं.

प्रश्न चार. घरात वाचनसाहित्य किती?
कुणाकडे दवाखान्याची फाइल,
कुणाकडे बंद पडलेल्या टीव्हीचं माहितीपुस्तक.
लग्नपत्रिका सव्वीस, पत्र्याच्या डब्यात;
गणपती सगळ्यांवर सारखाच,
म्हणून कागदाच्या रंगावरून ओळखायचं लग्न कुणाचं ते.
हिरकणबाई बटव्यातून काढते घडी,
सुपारीच्या भुग्यासकट.
"तेवढं वाची दखाड, माय."
शाळेची चिठ्ठी आहे. पालकसभेला यावे.
तारीख मागच्या वर्षीची.
मी ती आवाज मऊ करून वाचते
जणू अजून निघालं तर पोहोचता येईल.

प्रश्न सहा. मुलांचा अभ्यास कोण घेतं?
उत्तर आईच्या आधी पोरगं देतं :
"मीच मायचा घेतो."
गोळ्यांची पाकिटं तो वाचतो, विजेचं बिल तो वाचतो,
शनिवारी वजनकाट्याशी तो उभा राहतो.
मुकादम म्हणाला होता चौतीस,
काटा म्हणत होता अडतीस,
तेव्हापासून.
म्हणून शनिवारी तो शाळेत नसतो.
हजेरीपटाला एवढंच ठाऊक, की नसतो.

प्रश्न नऊ. केंद्र सुरू झाल्यास याल का? हो / नाही.
"कितीले?"
संध्याकाळी सहाला.
पथारीभर हसू पसरतं.
सहाला वजन, सातला पाणी, आठला भाकरी,
"नऊले आम्ही येसूत. तू येशी का नऊले?"
माझी शेवटची एसटी साडेसातची.
हा प्रश्न फॉर्मवर नाही.

झेलूबाई पाडवी हसत नाही.
ती तळवे उलटे करून दाखवते, सुजलेले, चकाकणारे.
"हात बयतस."
दिवाळीनंतर हंगाम संपेपर्यंत
पोराचं तोंड ती धूत नाही, मोठी पोर धुते.
रात्री तो कुशीत शिरला
की हात उशाकडे वर करून झोपते,
पोलिसांनी पकडल्यासारखे.
"पुस्तक कसं धरू? माझी मिरची पानाला,
पानाची पोराच्या डोळ्याला.
खोली नसली तरी चालंल, झाडाखाली बसू.
पहिलं तेल ठेवा. मग बेसन. मग साबण."

प्रश्न अकरा. इतर, असल्यास.
दोन बोटं रुंद जागा. मी बारीक लिहिते,
समासात वळते, पाठीमागे जाते.
"काय लिखं? वाची दखाड."
वाचते. ती वाकून बघते.
"तेल कुठं शे?"
मी पेनाने दाखवते.
तिचं बोट कागदापर्यंत येतं
आणि तांदळाच्या दाण्याएवढं अंतर राखून
त्या शब्दावरून हळूच फिरतं,
एकदा, पुन्हा एकदा.
मग पुढची मिरची.

धुळ्याच्या ऑफिसात निकुंभ सरांना टक्केवारी हवी आहे.
गरज आहे, किती टक्के?
संगणकात तेलाला रकाना नाही.
"साक्षरता केंद्रात तेल कशाला?
भजी तळायचीत?"
मी काही बोलत नाही, गठ्ठा पुढे सरकवते.
सर बोटाला थुंकी लावतात,
एक पान उलटतात, दुसरं,
चष्मा काढून डोळा चोळतात.

मग दुसरा.
मग, शिपायाला हाक मारतात, पाणी आण रे.

पाण्याने नाही जात, सर, ते.