दम

हडर्सफील्डच्या स्टेशनावरून घरी यायचं म्हणजे चढ.
दुकानं विरळ होत जातात, फरशी ओली, वारा तोंडावर,
आणि गालिच्यांच्या दुकानापाशी
तुझं बोलणं मधेच तुटतं.

तू काचेत बघतेस. मीही बघतो.
किरमिजी, राखी, मोरपंखी किनारीचा.
अठरा वर्षांत एकही घेतला नाही आपण,
धूळ धरतात म्हणून नर्सनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.
तरी दुकानदार आतून हात हलवतो.
त्याला वाटत असेल, गिऱ्हाईक आहे, पण चिकट.

पूर्वी मी सहज म्हणायचो, "जरा दम धर, कुमुद."
दम धर, दम खा, एवढाही दम निघत नाही का तुला.
मग त्या नोव्हेंबरात, पहाटे तीनला,
तू पलंगाच्या कडेला, हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत,
आणि छातीत बिजागरीला तेल नसलेलं एक दार
कुणीतरी उघडतंय, ओढतंय.
मी म्हणालो, "दीर्घ श्वास घे."
तू माझ्याकडे पाहिलंस.
ते पाहणं कुठं ठेवायचं
अजून ठरलेलं नाही माझं.

फोनवरची बाई विचारत होती,
पूर्ण वाक्य बोलता येतंय का त्यांना?
मी म्हणालो, नाही. शब्द. एकच.
माझं नाव, तेही "भाल"पर्यंत.

तेव्हापासून मी सल्ला देत नाही, मोजतो.
निळा पंप, स्पेसर, एक दाब,
मग मोठ्यानं, शाळेतल्यासारखं, एक ते दहा.
थांबायचं. पुन्हा एक.

फोडणी आता मागच्या दारी,
एका हातात छत्री, कॅम्पिंगच्या शेगडीवर.
शेजारच्या मिसेस ऑल्ड्रॉयड भिंतीवरून विचारतात,
आज काय जाळताय?
मिरची, असं मी सांगेपर्यंत त्यांनाच ठसका.
न्हाणीघराच्या कोपऱ्यातली काळी बुरशी
रविवारी पुसतो, गुरुवारी ती परत हजर,
जसं काही भाडं तीच भरते.

दिनदर्शिकेत संकष्टीच्या खाली
तुझ्या फुंकरीचे आकडे:
तीनशे दहा. दोनशे नव्वद. तीनशे साठ.
तीनशे साठला मी शिरा केला.
"आज काय विशेष?"
"रवा संपवायचा होता."

हल्ली गालिच्यांच्या दुकानाच्या थोडं अलीकडेच
माझ्या बुटाची नाडी सुटते. रोज.
वाकतो, सावकाश बांधतो,
कान वर: शिट्टी आहे का, किती बारीक,
उतरतेय की चढतेय.

काल तसाच वाकलो.
पाऊस भुरभुरत होता, दुकान बंद, दिवा चालू.
वरून तुझा आवाज आला,
"या बुटांना नाडीच नाही."

मी उठलो नाही लगेच.
ओल्या फरशीवर बोटं टेकून मोजले.
चार शब्द.
एका दमात.