बदललेल्या फायली

रात्री साडेअकराला
बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर धडधडत असतोच,
त्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरचा पंखा मिसळतो.
म्हणजे बॅकअप सुरू झाला.

पहिल्या वेळी सगळंच उचललं होतं त्यानं.
दीड दिवस लागला, मध्ये तीनदा वीज गेली.
आता फक्त फरक तेवढा उचलेल,
दापोलीचा खोत म्हणाला, डिस्क भरायची नाही.

डिस्क भरत नाही, खरंय.
पण फरक पडला की नाही हे कळायला
दार तर प्रत्येक वाजवावं लागतं.
एक लाख बारा हजार दारं :
नौकांची खाती, डिझेलच्या पावत्या,
कुणा खलाशाच्या आधार कार्डाचा तिरका फोटो.
मेमरी नव्वद टक्के,
माऊस ओहोटीच्या चिखलात रुतल्यासारखा,
आणि सकाळी हिशेब : बदललेल्या फायली सतरा.

खोत म्हणाला, नुसती तारीख बघू दे त्याला,
आत वाचायचं कशाला? वीस मिनिटांत उरकेल.
पण हर्णैच्या खाऱ्या हवेनं
आतला बटणाएवढा सेल खाल्लाय.
वीज गेली की घड्याळ
दोन हजार नऊच्या एक जानेवारीला जाऊन बसतं.
तारखेवर कुणी विसंबायचं?

मग जुनी खाती तरी वगळा, म्हणाला.
मी यादी उघडली.
‘रहेमत’, शफी डिंगणकर,
बर्फ चार लाद्या, उधार.
नौका विकून नऊ वर्षं झाली,
तो खेडला टेम्पो चालवतो.
यादी तशीच बंद केली.

जूनमध्ये बंदी लागली.
होड्या शाकारून वर ओढलेल्या,
जाळी विणताना कुणाचा तरी रेडिओ,
कारखाना थंड, म्हणजे बंद.
आणि हा रोज रात्री दोन तास चाळीस मिनिटं
सगळं वाचून शून्य लिहितो.

परवा शफी आला.
छत्री दाराबाहेर ठेवली,
भिजलेल्या नोटा टेबलावर एकेक सोडवल्या.
“माझा खाता हाय अजून?”
म्हटलं, आहे. रोज उघडून बघतो आम्ही.
तो हसला. त्याला वाटलं, टोमणा मारला.

त्या रात्रीचा हिशेब :
बदललेल्या फायली एक.
लागलेली जागा चार केबी.
लागलेला वेळ,
दोन तास एकेचाळीस मिनिटं.