अक्षरं उजळताना

मी पाट्या रंगवतो. खडेबाजारात माझं दुकान.
कन्नड वर, मोठं; मराठी खाली, जमलं तर;
इंग्रजी कुठंही चालतं, त्याचं कुणाला दुखत नाही.
म्हणून कॅम्पातल्या फादरनी माझाच नंबर दिला तिला.

मोरॅग टेट. न्यूझीलंडमधल्या डनीडनची,
सत्तरीची, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर ओला पंचा.
हातात कागद. झाड म्हणायची त्याला,
पण मुळं वर आणि नातवंडं खाली लोंबलेली,
वडाच्या पारंब्यांसारखी.
रॉबर्ट गेडीस, तोफखान्यातला नालबंद, स्कॉटलंडात फाइफचा.
हॅना, त्याची बायको, नॉर्फकची, इंग्लिश.
तिकडंही सीमा आहे, मोरॅग हसून म्हणाली,
सासूनं हॅनाचं एकही पत्र उघडलं नाही.
पाच वर्षं बेळगावात, मग मुंबईहून जहाज,
मग जगाच्या टोकाला मेंढ्या.
आणि मधे एक अ‍ॅग्नेस, सात महिन्यांची,
रजिस्टरात आहे, जमिनीवर कुठंच नाही.

तीन दिवस आम्ही ते कब्रस्तान वाचलं.
घाणेरीची झुडपं कोयत्यानं मागे सारून,
दगडावर खडू आडवा फिरवून.
झिजलेलं अक्षर डोळ्याला दिसत नाही, बोटाला दिसतं:
'जी'च्या पोटात आकडा असतो, 'सी'चं पोट रिकामं.
कॉलरा. ताप. ताप. घोड्यावरून पडून. ताप.
एकवीस वर्षांचे, माझ्या धाकट्याच्या वयाचे.
कितीतरी ठिकाणी नुसता चौथरा, वरचा दगड नाही.
"दगड जातात कुठं?" तिनं विचारलं.
मी खडू झटकत बसलो.
गटारावर, पायरीला, गिरणीच्या दारात.
गावाला माहीत असतं.

चौथ्या दिवशी चहाला आत्याकडं नेलं,
हिंडलग्याच्या वाटेवर.
"काय हुडकूलालीय रे ही?"
नालबंदाची मुलगी, मी म्हटलं.
तिनं ऐकलं 'नाळ'. मान डोलावली,
ती तर पुरलेलीच असते कुठंतरी.

मोरॅग हात धुवायला न्हाणीत गेली
आणि बराच वेळ आलीच नाही.
दगडाच्या कडेला वेल होती, कोरलेली,
साबणाच्या थराखाली.

पहार लावून उलटा केला आम्ही,
मी, शेजारचा बसाप्पा, त्याची दोन पोरं.
गांडुळं, एक पितळी बटण, काळी माती.
तोंड खाली होतं, म्हणून अक्षरं कोवळी राहिलेली.
खडू लागलाच नाही.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती.
"तुझ्या आज्यानं आणला, खटाऱ्यातनं.
कुठनं, ते कुणी विचारलं नाही.
तुझा बाप ह्याच्यावर न्हाला. तू न्हालास.
पायावर पालथं घालून, पहिलं पाणी, ह्याच्यावर."
हे मोरॅगला इंग्रजीत सांगायला गेलो
आणि 'पालथं'ला शब्द सापडेना.
हात पुढे केले, दाखवलं.
ती खाली बसली, ओल्यातच, पट्ट्यासकट.

दगड टेम्पोतून परत गेला. अक्षरांत काळा रंग भरला मी;
पैसे घेतले, ठरलेले, जास्त नाही.
न्हाणीत आता शहाबादी फरशी.
टाचेला खळगा सापडत नाही, आत्या म्हणते.

मागच्या आठवड्यात डनीडनहून मेल:
आमचं झाड झालं. तुमचं?
चार चौकोन जोडलेत, भरून पाठवा.
मी कंग्राळकर. आडनाव म्हणजे पत्ताच की आमच्यात.
कंग्राळीत गेलो, असं घर इथं नव्हतं म्हणाले.
तलाठी म्हणाला, जुनं मोडीत, नवं कन्नडमधी,
मधलं उंदरानं नेलं.
मी. बाप. आजा यल्लाप्पा, खटारेवाला.
चौथा रिकामाच पाठवणार होतो.
आत्या भाकरी थापता थापता म्हणाली,
"ती पोर लिही की.
आमच्यातली न्हवं खरं,
समद्यांचं पहिलं पाणी तिलाच लागलं."

अजून पाठवलेलं नाही.